धबधब्यापलीकडची ताम्हिणी

पावसाळ्यात रविवार उजाडला, की आमच्या सोसायटीतल्या तरुण मंडळींना ताम्हिणीची आठवण होते. पहाटे गाड्या बाहेर पडतात आणि संध्याकाळी चिखलाने माखलेले बूट जिन्यात वाळत पडतात. "काय पाहिलंत?" असे विचारले, तर उत्तर ठरलेले, "धबधबे, काका! आणि ट्रॅफिक!" मागच्या वर्षी मी सहज म्हटले, "आणि गाव?" एक चिरंजीव गोंधळले. म्हणाले, "गाव आहे तिथे?"

गाव आहे. पुण्यापासून साधारण साठ किलोमीटरवर, पौड ओलांडून मुळशी धरणाच्या काठाकाठाने गेले, की ताम्हिणी येते. विंझाई देवीचे देऊळ आहे, भाताची खाचरे आहेत, नाचणी-वरईचे उतार आहेत. माझी आणि या मुलखाची ओळख मात्र धबधब्यांमुळे झाली नाही, म्हशींमुळे झाली.

१९८७ साली मी मुळशी तालुक्यात एका बँकेच्या शाखेत नवा अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतून म्हशींसाठी कर्जे दिली जात आणि कर्जाची म्हैस खरोखरच गोठ्यात आहे की नाही, हे पाहणे माझ्याकडे असे. एसटी जाई तिथपर्यंत एसटीने, पुढे पायी. कानात विम्याचा बिल्ला असलेली म्हैस शोधत मी या डोंगरांत जितका हिंडलो, तितका पुढे हौसेनेही हिंडलो नाही.

अशाच एका फेरीत धरणाकाठच्या वाडीत एक म्हातारा पुढे आला. त्यालाही म्हैस हवी होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "बाबा, सातबारा आहे का?"

"सातबारा पान्यात हाय, सायेब."

मला वाटले, थट्टा करतोय. त्याने शांतपणे तलावाकडे बोट दाखवले. मी वहीत 'कागदपत्रे अपूर्ण' असा शेरा मारला आणि पुढच्या गोठ्याकडे वळलो. नियमाने मी बरोबर होतो. तो पाण्यात काय दाखवत होता, हे मात्र मला ठाऊक नव्हते. शाळेच्या पुस्तकात मुळशी सत्याग्रहाची एखादी ओळ वाचली असेल, तेवढीच.

त्या रात्री घरी येऊन शोधाशोध सुरू केली. टाटा कंपनीच्या विजेसाठी मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरले, त्यात पन्नासाच्या आसपास गावांच्या जमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच 'सेनापती' झाले. तीन-साडेतीन वर्षे झुंज चालली, बापटांना तुरुंगवास झाला आणि अखेर धरण झालेच. मुळेचे पाणी खरे तर भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे. ते अडवून, बोगद्यातून वळवून, सह्याद्रीच्या पश्चिम कड्याखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडले गेले. तिथून ते कुंडलिकेला मिळून अरबी समुद्राला जाते. धरणाच्या काठावर उभे राहून आपण 'काय सुंदर तलाव आहे' म्हणतो, तेव्हा आपण कुणाच्या तरी खाचरांकडे पाहत असतो.

आणि त्या संध्याकाळची दुसरी गोष्ट सांगायची राहिली. कामे उरकेपर्यंत अंधार पडला. तोच म्हातारा कंदील घेऊन आला. "वाट चुकाल, सायेब," एवढेच म्हणाला आणि एसटीच्या थांब्यापर्यंत तासभर माझ्या पुढे चालला. ओढा आला, की थांबून कंदील खाली धरी. वाटेत एका शब्दाने त्याने म्हशीचे नाव काढले नाही. ज्याचा अर्ज मी सकाळी बाजूला ठेवला, त्याच्याच उजेडात मी घरी पोचलो. वहीत त्याचे नाव मी स्वतःच्या हाताने लिहिले होते. आज ते आठवत नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मी धाकट्या नातीला घेऊन पुन्हा त्या बाजूला गेलो. पिंपरीपासून अंधारबनातून हिर्डीमार्गे भिऱ्याला उतरणारी वाट आता भटक्यांमध्ये प्रसिद्ध आहे. चांगली बारा-तेरा किलोमीटरची चाल आहे. डावीकडे कुंडलिकेचे खोरे एकदम तुटते आणि आत झाडी इतकी दाट, की भर दुपारी तिन्हीसांज झाल्यासारखे वाटते. सह्याद्रीतल्या अशा घाटवाटांनीच एके काळी कोकणातले मीठ वर येई आणि देशावरचे धान्य खाली जाई. आपण ज्याला 'ट्रेक' म्हणतो, ते कुणाचे तरी रोजचे येणे-जाणे होते.

वाटाड्या म्हणून पिंपरीचा एक तरुण बरोबर घेतला होता. तो त्या म्हाताऱ्याचा नातू निघाला असता, तर कादंबरीत शोभून दिसले असते. पण तो नव्हता. मी कंदिलाची गोष्ट सांगितली, तर त्याला त्यात विशेष काही वाटले नाही. "अंधारात पाव्हण्याला एकटं कसं सोडायचं?" एवढेच तो म्हणाला. नात मात्र गप्प झाली. थोड्या वेळाने तिने विचारले, "आजोबा, मग त्यांना म्हैस मिळाली का?" मला उत्तर देता आले नाही.

म्हणून सांगावेसे वाटते. ताम्हिणीला जरूर जा, पण भर पावसात नको. २५ जुलै २०२४च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत इथे ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहराच्या वर्षभराच्या सरासरीचा हा जवळजवळ पाऊण हिस्सा, एका दिवसात. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातल्या धोक्याच्या पर्यटनस्थळांवर प्रशासनाला निर्बंध घालावे लागले. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. भात पिवळे पडलेले असते, हवा स्वच्छ असते, मुलांनाही चालवते. सुमारे पन्नास चौरस किलोमीटरचा हा पट्टा २०१३ पासून अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याचे नियम पाळा. गावातला वाटाड्या घ्या आणि पैसे देताना घासाघीस करू नका. जेवण आधी सांगून एखाद्या घरीच घ्या. नाचणीची भाकरी मुलांना एकदा खाऊ घाला. खाचराच्या बांधावरून चालताना पाय जपून टाका. आणि शक्य झाले, तर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, 'बाबा, तुमचं मूळ गाव कुठलं?'

कदाचित तो पाण्याकडे बोट दाखवील. वही न उघडता, थोडा वेळ तिकडे पाहा. मी तेव्हा पाहिले नव्हते.