जुन्या मोटारीच्या एंजिनाचा शक्तितक्ता कसा वाचावा

आम्हीं आयुष्याचीं बरींच वर्षें महसूल खात्याच्या दप्तरांत घालविलीं. तेथें एक गोष्ट मनावर ठसली ती ही कीं, आंकडा वाचण्यापूर्वीं तो कोणीं, कोठें व कसा काढला हें विचारावें. बांधावरून नजरेनें ठरविलेली पैसेवारी व पीक कापून, वजन करून ठरविलेली पैसेवारी या दोहोंत किती अंतर पडतें, हें आपणांस सांगावयास नको.

जुन्या एंजिनांचेंही तसेंच आहे. आमच्या एका आप्तांनीं डायनॅमोमीटर नांवाच्या शक्तिमापक यंत्राचा छापील तक्ता पाहून, त्यांतील सर्वांत मोठ्या आंकड्यावर भुलून, पंपाकरितां एक जुनें एंजिन घेतलें. तो आंकडा एंजिन अतिवेगानें पळवून काढलेला होता. पंपास लागणाऱ्या सावकाश फेऱ्यांवर त्याच्यांत निम्मीही शक्ति नव्हती. पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या व उभा ऊस वाळला. असा प्रसंग इतरांवर येऊं नये म्हणून हा लेख.

उदाहरणास फोर्डची मॉडेल टी ही प्रसिद्ध मोटार घेऊं. ती अमेरिकेंत १९०८ पासून १९२७ पर्यंत तयार होत असे व तिची संख्या दीड कोटीवर गेली. तिकडील शेतकरी तिचें मागील चाक उचलून त्यावर पट्टा चढवीत व करवतही चालवीत. तिच्या सुमारें २.९ लिटरांच्या एंजिनाची शक्ति १६०० फेऱ्यांवर २० अश्वशक्ति, व टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, ९०० फेऱ्यांवर ८३ फूट-पौंड सांगतात. फेरे मिनिटाचे समजावे.

आतां मर्म हें कीं, ब्रेक लावून मोजणारें यंत्र अश्वशक्ति मोजीतच नाहीं. तें पीळ व फेरे मोजतें. दोहोंच्या गुणाकारास ५२५२ नें भागिलें म्हणजे अश्वशक्ति निघते. त्याप्रमाणें ९०० फेऱ्यांवर १४.२ अश्वशक्ति येते. उलट १६०० फेऱ्यांवर २० अश्वशक्ति असतां पीळ सुमारें ६६ फूट-पौंडच उरतो. म्हणजे शक्ति वाढली, पण ओढ पंचमांशानें घटली! शर्यतीचा बैल व नांगराचा बैल यांत जो भेद, तोच येथें आहे. याच हिशेबानें ५२५२ फेऱ्यांच्या खालीं पिळाचा आंकडा अश्वशक्तीहून नेहमीं मोठाच असला पाहिजे. या परिमाणांच्या तक्त्यांत तसा नसेल, तर तक्ताच चुकीचा समजावा.

यापुढें तीन प्रश्न विचारावे. पहिला, मोजणी एंजिनाच्या दांड्यावर झाली कीं चाकावर? दांतेचक्रांत कांहीं शक्ति खर्ची पडते, म्हणून चाकावरील आंकडा कमीच येणार. दुसरा, हवामानाची दुरुस्ती केली आहे काय? पेट्रोलचें साधें एंजिन दर हजार फूट उंचीस सुमारें तीन टक्के शक्ति गमावतें. मुंबईस मोजलेलें एंजिन महाबळेश्वरीं सुमारें आठवा हिस्सा कमी दाखवील, व त्यांत त्याचा दोष नाहीं. तिसरा, मोजणी किती वेळां झाली? एंजिन तापल्यावर त्याच यंत्रावर दोनतीन वेळां सारखा आंकडा आला तरच तो धरावा.

मग शिखराचा आंकडा सोडून सबंध रेषा पाहावी. ती आरंभापासून सर्वत्र खालीं असेल तर सिलिंडरांतील दाब तपासावा. केवळ वरच्या फेऱ्यांवर एकाएकीं पडत असेल तर इंधन किंवा ठिणगी पुरत नाहीं असा संशय घ्यावा. मात्र मोठ्या आंकड्याच्या हौसेनें जुनें एंजिन फार पळवूं नये. मॉडेल टीचीं बेअरिंगें बॅबिट या मऊ धातूचीं असून तेल केवळ उडण्यानें पोंचतें. कागदावरील एका अश्वशक्तीसाठीं तीं वितळण्याची भीति असते.

तात्पर्य, आपल्या पंपास किंवा जात्यास किती फेरे लागतात तें प्रथम ठरवावें, तक्त्यांत त्याच फेऱ्यांवर बोट ठेवावें व तेथें जी शक्ति दिसेल तिचीच किंमत द्यावी. बाकीचा तक्ता विकणाऱ्याच्या कौतुकाचा असतो. आपल्या पिकास त्याचा उपयोग नाहीं.