आवाजाच्या व्यवसायात ऑडिशन कसे जिंकाल?

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा लहानपणापासून कानावर पडलेले कितीतरी तरुण-तरुणी आपल्या समाजात आहेत. जाहिराती, माहितीपट, डबिंग, श्राव्य पुस्तके यांसाठी अशा आवाजांना वाव आहे. मग गोड गळा असूनही काम हाती का लागत नाही? पुष्कळदा दोष आवाजात नसतो, पाठविलेल्या नमुन्यात असतो.

पहिली बाब उच्चारांची. दखनी बोलणाऱ्या घरांत 'क़लम'चे 'ख़लम' होते. मराठी वाचताना 'शाळा'ची 'शाला' आणि 'पाणी'चे 'पानी' होते. 'चाक' व 'चहा' यांतला च, 'जागा' व 'जीव' यांतला ज एक नव्हे. उलट ज़, फ़, ग़ हे उच्चार ज्यांना सहज येतात, त्यांची हिंदी-उर्दू कामात ती जमेची बाजू ठरते. रोज अर्धा तास मोठ्याने वाचावे, रेकॉर्ड करावे आणि ऐकावे. कान तयार झाला की जीभ सुधारते.

दुसरी बाब, बोलणे कोणाशी आहे याची. अमीन सयानी (1932-2024) यांच्या आई कुलसुम सयानी 'रहबर' हे पत्र साध्या हिंदुस्थानीत, देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत काढीत. त्या कामात हातभार लावताना सयानींना सोप्या भाषेचे वळण लागले. रेडिओवर ते भाषण करीत नसत, श्रोत्याशी बोलत. ऑडिशनमध्येही हेच हवे. बियाण्यांची जाहिरात असेल तर समोर एक शेतकरी आहे असे समजून बोला. सुरुवातीची दोन वाक्ये विशेष घोटून घ्या. परीक्षक पुढचे ऐकेल की नाही, ते तिथेच ठरते. दोन नमुने मागितले तर दुसरा खरोखर वेगळा द्या. जाहिरात तीस सेकंदांची असेल तर घड्याळ लावून वाचा.

रेकॉर्डिंगला महागडा स्टुडिओ लागतोच असे नाही. पंखा बंद करावा, भिंतींना गाद्या-रजया लावाव्यात, तोंड माइकपासून वीतभर दूर ठेवावे. मागे संगीत नको. फाइलचा प्रकार व नाव सांगितल्याप्रमाणेच असावे.

आता व्यवहार. ऑडिशनसाठी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. आवाज कोठे व किती काळ वापरणार, एआयला शिकविण्यासाठी देणार काय, हे लेखी घ्या. अशा नकलेविरुद्ध गायक अरिजित सिंग यांना 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिले आहे. दारू वा जुगाराचे काम करायचे नसेल तर नमुना पाठविण्यापूर्वीच नम्रपणे सांगा. निवड झाल्यावर नकार दिला तर पत जाते.

दहा ठिकाणी नकार आला तरी अकरावा नमुना तितक्याच तयारीने पाठवावा. रोजी देणारा अल्लाह आहे. मेहनत आपण करायची आहे.