शेतावरचे गाणे आणि मसुराची बिअर

मसुराची आपण आमटी करतो. कॅनडातील रेजिना शहरात त्याच मसुराची बिअर होते, असे सांगितले तर घरातील वडीलधारी हसतील. गोष्ट मात्र खरी आहे. तेथील रिबेलियन या २०१४ साली सुरू झालेल्या छोट्या बिअर कारखान्याने सातूच्या जोडीला मसूर वापरून बिअर काढली आणि ती लोकांच्या पसंतीस उतरली.

आपल्या बेटावरील अनेक घरांतील मुले आज कॅनडात शिकतात, नोकरी करतात. तिकडे उन्हाळ्यात शनिवार-रविवारी शेतावर तंबू ठोकून गाणे ऐकायचे आणि त्याच मुलखातली बिअर प्यायची, असे मेळे भरतात. मुलगा फोनवर हे सांगतो आणि इकडे आईचा जीव खालीवर होतो. म्हणून या मेळ्यांमागे काय आहे ते पाहू.

रेजिना ही सास्कॅचेवान प्रांताची राजधानी. भोवती नजर पोचेल तिथवर सपाट शेते. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे उन्हाळ्याचे थोडे आठवडे लोकांना सणासारखे वाटतात. शहराजवळच्या क्रेव्हन गावी, नदीच्या खोऱ्यात, १९८३ साली कंट्री संगीताचा मोठा मेळा सुरू झाला. कंट्री म्हणजे गिटार व फिडलच्या साथीने गायिलेली गावाकडची गाणी. पुढे या मेळ्याचे नाव कंट्री थंडर झाले. जुलैमध्ये हजारो लोक तेथे मुक्कामाला येतात. शहरातही भौतिकशास्त्राचे प्राध्यापक बेव्ह रॉबर्टसन यांच्या पुढाकाराने १९९१ साली बुशवॅकर हे बिअरगृह उघडले. तेथे बिअर तेथेच बनते आणि गाणेबजावणेही होते.

आता मसुराकडे वळू. १९७० च्या सुमारास कॅनडात गहू इतका साठला की, तो न पेरण्यासाठी सरकारने शेतकऱ्यांना पैसे दिले. दुसरे पीक शोधणे भाग पडले. १९७२ साली डॉ. अल स्लिंकार्ड सास्कॅचेवान विद्यापीठात आले. त्यांनी तयार केलेली लेअर्ड ही मसुराची जात १९७८ साली शेतकऱ्यांच्या हाती पडली. मसूर हवेतील नत्र जमिनीत आणतो आणि थोड्या पाण्यावर येतो. आज कॅनडा मसुराच्या निर्यातीत जगात अग्रेसर आहे आणि त्यातला बहुतेक मसूर सास्कॅचेवानचाच. भारतातील कितीतरी घरांत तोच शिजतो. अशा बिअरचा पेला हाती घेणाऱ्या तरुणाला शेतकऱ्याच्या पन्नास वर्षांच्या धडपडीची आठवण राहते, हे आम्हाला मोलाचे वाटते.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मद्य पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यांत हा प्रांत कॅनडात वर्षानुवर्षे पुढे राहिला आहे. शेत गावाबाहेर, रात्री बस नाही. तेव्हा मुलांना एवढेच सांगावे: प्यायलात तर तंबूतच झोपा, किंवा न पिणाऱ्या मित्राच्या हाती गाडी द्या. रागावून फोन ठेवण्यापेक्षा हे बोलणे अधिक उपयोगी पडेल.

आणि आपल्याकडे काय? आपल्या बेटावर सातू पिकत नाही, पण ऊस पिकतो. उसाच्या मळ्यांत आपल्या आजोबा-पणजोबांनी घाम गाळला, तेथेच रमपायी कित्येकांची मजुरीही गेली. हे विसरून नुसता पेला उचलणे आपल्याला शोभणार नाही. मात्र तोडणी संपल्यावर गावच्या मळ्यालगत एक संध्याकाळ जमायला काय हरकत आहे? ताजा उसाचा रस असावा, शेजारच्या शेतकऱ्याची भाजी विकायला असावी, आणि गणपतीत ऐकू येणारी आपली झाकडी मुलांनी फेर धरून म्हणावी. गाणे शिकवणारे वृद्ध अजून काही गावांत आहेत. मंडळांनी पुढच्या हंगामापूर्वी त्यांची भेट घ्यावी, अशी आमची विनंती आहे.