टिक केली, पण पेजला कळलं का?

आजचा भाग चेकबॉक्सवर. विषय एवढासा वाटेल, पण उदाहरण आपल्या आष्टीकडचंच घेऊ. दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. मुलांची शाळा सुटू नये म्हणून 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली. समजा, गावातली अशी मुलं मोजायला आपणच एक साधा फॉर्म बनवतोय. त्यात एक चेकबॉक्स आहे, 'घरात शाळेत जाणारी मुलं आहेत'. टिक केली की खाली नाव, वय, इयत्ता असे रकाने उघडायला हवेत. नाही उघडले, तर ते पोर यादीत येणारच नाही.

पहिला मोह होतो क्लिक इव्हेंटचा. लेबलवर क्लिक ऐकायचं, रकाने बंद असले तर उघडायचे, उघडे असले तर बंद करायचे. पण फोनवर अंगठा त्या इवल्याशा चौकोनावर कुठे पडतो? तो पडतो शब्दांवर. चेकबॉक्स लेबलच्या आत असेल तर ब्राउझर एक क्लिक लेबलचं धरतो आणि दुसरं स्वतः चेकबॉक्सवर पाठवतो. लेबलला दोन्ही ऐकू येतात. रकाने उघडले आणि लगेच मिटले. माणसाला वाटतं, फोनच हँग झाला.

म्हणून चेकबॉक्सवर चेंज इव्हेंट ऐका. आणि उलटसुलट करत बसू नका. दरवेळी 'चेक्ड' विचारा. खरं आलं तर दाखवा, खोटं आलं तर लपवा. 'व्हॅल्यू' मात्र विचारू नका हं. वेगळी दिली नसेल तर टिक असो-नसो, ती 'ऑन'च सांगते.

आता खरी गोम. कोडमधून चेक्ड खरं केलं, तर टिक दिसते, पण चेंज इव्हेंट होत नाही. तो माणसाच्या हाताने झालेल्या बदलासाठी आहे. 'सगळे निवडा' असं बटण बनवलंत की इथे हमखास अडकाल. बॅक दाबून पेजवर परत आल्यावरही ब्राउझर जुनी टिक परत ठेवू शकतो. तेव्हाही चेंजच्या भरवशावर राहू नका. माझी पद्धत अशी: 'ताजंकरा' नावाचं एकच फंक्शन. ते फक्त आत्ताची टिक बघतं आणि पेज तसं लावतं. चेंज झाला की तेच, पेजशो इव्हेंटला तेच, कोडमधून टिक बदलली तरी पुढच्याच ओळीत तेच.

दोन गोष्टी फॉर्म पाठवतानाच्या. कुणी दोन मुलांची माहिती भरली आणि मग टिक काढली, तर नुसते लपवलेले रकाने तरीही सर्व्हरला जातात. ते फील्डसेटमध्ये घाला आणि तो डिसेबल्ड करा, मग जात नाहीत. आणि टिक नसलेला चेकबॉक्स काहीच पाठवत नाही. म्हणजे 'मुलं नाहीत' आणि 'हा प्रश्न वाचलाच नाही' यात सर्व्हरला फरक कळत नाही. मुलांच्या मोजणीत तो फरक हवाच, त्यामुळे तिथे मी सरळ 'आहेत' आणि 'नाहीत' अशी दोन रेडिओ बटणं देईन. चेंज त्यांनाही चालतो.

आता फोनवरच करून बघा: टिक करा, पुढच्या पेजवर जा, बॅक दाबा. टिक दिसतेय, पण रकाने बंद? मग पेजशोची ओळ राहिली असेल.