लाल खोक्यातली खाज

फेब्रुवारी उजाडला की दुकाने लाल-गुलाबी रंगांनी सजतात. १४ फेब्रुवारीचा ‘व्हॅलेंटाइन डे’ संत व्हॅलेंटाइन यांच्या नावाने ओळखला जातो. प्रेमाचा रंग लाल मानतात, म्हणून मावळातले लाल गुलाब या सुमारास परदेशीही जातात. गुलाबाच्या जोडीला आता लाल खोक्यातून कानातले, ब्रेसलेट, साखळी देण्याची फॅशन आहे. पुढच्या काही दिवसांत कानाची पाळी लाल झाली, खाजते, पाणी सुटते, अशा तक्रारी घेऊन मुली दवाखान्यात येतात.

दोष बहुधा निकेल या धातूचा असतो. स्वस्त दागिन्यावरचा सोनेरी मुलामा झिजला की आतले निकेल घामात विरघळून त्वचेत शिरते. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. मग घड्याळाचा धातूचा पट्टा किंवा जीन्सचे बटणही सोसत नाही. युरोपीय संघाने १९९४ साली दागिन्यांतील निकेलवर मर्यादा घातली, ती यासाठीच.

पुरळ उठताच दागिना काढावा व डॉक्टरांना दाखवावे. खाज म्हणजे गजकर्णच, असे समजून दुकानातून मलम आणून चोळू नये. अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असते; ते फार दिवस लावल्यास त्वचा पातळ होते. नुकत्याच टोचलेल्या कानात तर नकली दागिना मुळीच घालू नये. बाळाचे कान सोन्याच्या तारेने टोचण्याची आपली रीत या बाबतीत शहाणपणाची आहे.

सोने परवडत नसेल, तर गुलाबच द्यावा. त्याचे काटे निदान दिसतात तरी!