स्मॉल ब्लॉकच्या पोटातला पंप

शेव्हरलेचं 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ इंजिन १९५५ साली आलं, एड कोल यांच्या देखरेखीखाली. पहिल्या वर्षी ब्लॉकमध्ये ऑइल फिल्टरला जागासुद्धा नव्हती. ऑइल पंपाची मांडणी मात्र तेव्हा ठरली, ती पुढे अनेक दशकं टिकली. अमेरिकेतल्या घरगुती गॅरेजांत ही इंजिनं आजही खोलून नव्याने बांधली जातात, आणि पंपापाशी आलं की हात थांबतो: मूळ मापाचा घ्यावा की 'हाय व्हॉल्यूम'?

यंत्र साधंच आहे. मागच्या मेन बेअरिंगच्या कॅपला ते बोल्टने बसतं. कॅमशाफ्ट डिस्ट्रिब्युटरला फिरवतो आणि डिस्ट्रिब्युटरच्या खालच्या टोकात अडकलेला दांडा पंपाला. म्हणजे क्रँकच्या निम्म्या वेगाने. आत एकमेकांत गुंतलेले दोन गिअर. हाय व्हॉल्यूम पंपात त्यांची उंची १.२ इंचांऐवजी १.५ इंच, म्हणून दर फेऱ्याला २५ टक्के जास्त तेल.

जास्त तेल बरंच, असं वाटतं खरं. पण पंप तेल ढकलतो, एवढंच. बेअरिंगच्या फटीतून निसटताना त्या तेलाला जो अडथळा होतो, तो गेजवर प्रेशर म्हणून दिसतो. म्हणून आधी जर्नल आणि बेअरिंग मायक्रोमीटरने मोजायचे. फट ०.०५ ते ०.०६ मिलिमीटर भरली, तर रस्त्यावरच्या गाडीला मूळ मापाचा पंप पुरून उरतो. शर्यतीसाठी मुद्दाम फट जास्त ठेवली असेल किंवा बाहेर ऑइल कूलर जोडला असेल, तर मोठा पंप घ्यावा. झिजलेल्या बेअरिंगवर तो चढवून काटा वर आणणं मला मुळीच पटत नाही. बेअरिंग झिजलेलंच राहतं. गरम इंजिनात दर हजार आरपीएमला १० पीएसआय, हा जुन्या मेकॅनिकांचा अंदाज पुरेसा आहे.

त्यापुढचं तेल महागात पडतं. रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, तेल पंपातच गोल फिरून तापतं, आणि ही मेहनत डिस्ट्रिब्युटरच्या छोट्या गिअरला झिजवते.

निवडीइतकीच बसवणीही महत्त्वाची. तेल ओढणाऱ्या पिकअपची जाळी तेलाच्या चेंबरच्या तळापासून सुमारे साडेनऊ मिलिमीटर वर हवी. तिची नळी पंपात नुसती ठोकून बसवलेली असते. हादऱ्यांनी सुटली, तर पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात. म्हणून जाणकार तिला वेल्डिंगचा टाका मारतात, आणि त्याआधी रिलीफची स्प्रिंग काढून ठेवतात, कारण उष्णतेने तिचा ताण जातो. दांड्यावरची नायलॉनची बाही काढून स्टीलची घालावी.

पहिल्या स्टार्टआधी ड्रिल मशीनने पंप फिरवून तेल चढवतात. त्यासाठी गिअर काढलेला जुना डिस्ट्रिब्युटर जागेवर बसवावा लागतो, कारण तेलाची एक वाट त्याच्या अंगानेच बंद होते. सगळ्या रॉकरांपाशी तेल दिसेपर्यंत ड्रिल चालू ठेवायचं, मधूनमधून क्रँक हाताने फिरवत.