आपल्या प्रांतांतील बँका

मनूनें व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत. त्यांत ऋणादान हें पहिलें व निक्षेप हें दुसरें होय. कर्ज देणें आणि दुसऱ्याची ठेव सांभाळणें या दोन कर्मांवरच आजची बँक उभी आहे. पहिलें बिघडलें कीं दुसरें बुडतें, हा तिच्या इतिहासाचा सारांश होय.

मुंबईस १८४० सालीं सनद घेऊन निघालेली ‘बँक ऑफ बॉम्बे’ हें याचें ठळक उदाहरण. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) तिकडील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला. मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला आणि त्या पैशावर समुद्र हटवून जमीन करूं पाहणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांचा जुगार माजला. युद्ध संपतांच भाव कोसळले व शेअरांच्या तारणावर कर्जें देऊन बसलेली ती बँक १८६८ त मोडली. त्याच नांवाची नवी बँक लगेच निघाली. ती १९२१ सालीं बंगाल व मद्रास येथील बँकांशीं एक होऊन इंपीरियल बँक झाली. तिचीच १९५५ त स्टेट बँक झाली.

या थोरल्या बँकांची दृष्टि सरकारी खजिन्याकडे व मोठ्या व्यापाराकडे. लहान गांवच्या दुकानदारास व पेन्शनरास आपलीं माणसें हवीं होतीं. म्हणून बडोद्यास १९०८ त सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें बँक ऑफ बडोदा निघाली. सांगलीस १९१६ त सांगली बँक, मिरजेस १९२९ त मिरज स्टेट बँक, साताऱ्यास १९३६ त युनायटेड वेस्टर्न बँक व कोल्हापुरास १९४३ त रत्नाकर बँक अशी परंपरा पुढें चालली. पुण्यांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक वा. गो. काळे व उद्योजक धों. कृ. साठे यांनीं दहा लाखांच्या अधिकृत भांडवलाची बँक ऑफ महाराष्ट्र १९३५ त नोंदविली. ८ फेब्रुवारी १९३६ रोजीं तिचें काम सुरू झालें. १९६९ सालीं सरकारनें जीं चौदा बँका ताब्यांत घेतल्या त्यांत बडोद्याची व ही अशा दोन्ही होत्या. तिची मुख्य कचेरी ‘लोकमंगल’ पुण्यासच असून बोधचिन्हावर दीपमाळ आहे.

बाकीच्यांपैकीं कित्येकींच्या पाट्या उतरल्या. मिरजेची बँक १९८५ त युनियन बँकेंत, साताऱ्याची २००६ त आयडीबीआयमध्यें व सांगलीची २००७ त आयसीआयसीआयमध्यें विलीन झाली. नांव गेलें म्हणजे ठेव गेली असें मात्र नव्हे. विलीन झालेल्या बँकेचें देणें घेणाऱ्या बँकेवर येतें. घरांतील जुन्या पेटींत अशा बँकेचें पासबुक सांपडल्यास तें रद्दींत टाकूं नये. दहा वर्षें हक्क न सांगितलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधींत जाते. तरीही वारसांस ती मागतां येते.

दगडी इमारत व जाड तिजोरी पाहून मनुष्यास भरंवसा वाटतो. परंतु बँकेचें बळ भिंतींत नसून कर्जांच्या वसुलींत असतें. केरळांतील पालई सेंट्रल बँक १९६० त बुडाली, तेव्हां सरकारचे डोळे उघडले व १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. आरंभीं त्याची मर्यादा पंधराशें रुपये होती. २०२० पासून ती व्याजासह पांच लाख आहे. ही मर्यादा दर बँकेस आहे, दर शाखेस नव्हे. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे विभागल्यानें संरक्षण वाढत नाहीं. सहकारी बँकांस हा विमा आहे, पतसंस्थांस नाहीं.

एकत्र कुटुंबांत ठेवीची माहिती बहुधा एका कर्त्या पुरुषापाशींच असते. आमचें सांगणें इतकेंच कीं, कोणत्या बँकेंत कोणाच्या नांवें काय आहे व वारस म्हणून कोणाची नोंद आहे, याची एक यादी करून ती घरांतील स्त्रियांसही वाचून दाखवावी. निक्षेप सांभाळण्याचें अर्धें काम बँकेचें, अर्धें आपलें.